तोनेचा काळा जुबलेता

१४ नोव्हेंबर २००२
झाद्रिमा

ज्युस्ते,

आई गेली. फ्रान गाडीवाल्यानं तिकडे इटलीत तुला सांगितलं असेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही. तुझी वाट बघून बघून शेवटी आम्ही तिला उचललं. कामावरून सुट्टी मिळाली नाही म्हणे. बरं.

तुझ्यावर चिडायला मला कारणं कमी नाहीत, पण आज एकाच गोष्टीचं बोलते. आईचा काळा जुबलेता, तिचा तो घंटेसारखा जड लोकरी घागरा. ब्रेशातल्या त्या प्रदर्शनासाठी तू तो नेलास, महिन्याभरात परत आणते म्हणालीस. आई पेटीपाशी उभी होती. ती काही बोलली नाही म्हणून तुला वाटलं, तिची हरकत नाही. आई या घरात कधी 'नको' म्हणाली होती का गं? तिचं एकच मागणं होतं, मला माझ्या कपड्यात न्या. तो घालून ती डोंगरावरून नवरी होऊन खाली उतरली. पहिल्याच दिवशी बाबांच्या आईनं तो काढून पेटीत टाकायला लावला, ही घंटा इथे वाजवत फिरायचं नाही म्हणाली. त्यानंतर आईनं जन्मभर इथल्या बायकांसारखे पांढरे कपडे घातले, वर तांबडं एप्रन. पण दर वर्षी ती जुबलेता उन्हात काढायची, झटकायची, अक्रोडाची पानं बदलायची आणि परत ठेवायची.

तर पेटी रिकामी. बाबांची बहीण म्हणून लेना आत्या पुढे झाली आणि शेजारच्या वितोरेचा पांढरा जोड मागून आणला. तांबडं एप्रन तिनं काढून ठेवलं, मेलेल्या बाईला कसलं तांबडं म्हणाली. अंघोळ मी घातली आईला. कपडे चढवताना तिचं ते वाकडं डावं मनगट आत्यानं स्वतःच्या हातानं बाहीत लपवलं आणि दाराकडे बघत बसली. जास्त काही लिहीत नाही.

दुपारी आईच्या माहेरच्या बायका डोंगरावरून आल्या. पुढे शकुर्ते आजी. तिकडच्या प्रत्येक मेलेल्या माणसाला तीच शोक म्हणत रडली आहे, तुला आठवत असेल. आता तिला नुसता उजेड आणि अंधार कळतो. ती आईच्या उशाशी बसली, कपडा चाचपला, डोळे बारीक करून तो पांढरा रंग बघितला आणि तिनं शोक सुरू केला.

ज्युस्ते, ती एका कुमारिकेला रडली.

वर डोंगरात लग्नाआधी पांढरं आणि लग्नानंतर काळं. इथे लग्न झालेल्या बायकाही पांढऱ्यातच. हे कोणाला माहीत नाही? पण म्हातारीच्या हाताला जे लागलं तेच तिच्या तोंडातून आलं. 'जिनं कोणाचा उंबरा ओलांडला नाही ती तोने, जिच्या छातीला लेकरू लागलं नाही ती तोने.' खोलीतल्या बायकांनी ओठांवर रुमाल दाबले. आत्यानं मला चिमटा काढला. पण रडणारीला मध्ये थांबवतं का कोणी? प्रेतावर जे म्हटलं जातं तेच घेऊन माणूस जातं, असं वरचे लोक मानतात. मी गप्प बसले आणि आपली आई आपल्याशिवाय मेलेली ऐकली.

नंतर बिनसाखरेची कॉफी देताना आत्या म्हणाली, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाची चूक. मीही जाऊ दिलं. पण जुबलेता पाठव. फ्रानच्या हाती दे. मला तो मिरवायचा नाहीये. त्याची जागा त्या पेटीत आहे, एवढंच.

द्रांदे


९ डिसेंबर

ज्युस्ते,

तुझं पत्र मिळालं. जुबलेता प्रदर्शनवाल्यांकडे आहे म्हणे, मागायला लाज वाटते, आणि मेलेल्याला काय कळतं. छान. हुशार झालीस तिकडे जाऊन.

आता मी काय सांगते ते ऐक आणि मला वेडी म्हण. काल कोल आला होता, मामाचा कोल, वरून चेस्टनट विकायला. नेहमीसारखा चुलीपाशी बसला, राकी घेतली, रस्त्याला आणि सरकारला शिव्या दिल्या. मग टोपी मागे सरकवून सहज म्हणाला, बाकी तोने आत्या बरी आहे वर.

मला वाटलं, राकी चढली. मी म्हटलं, कोल, तू स्वतः तिच्या मातीला होतास. तो विचारात पडला. खरंच विचारात पडला गं, थट्टा करत नव्हता. मग म्हणाला, 'ती कोणतीतरी मुलगी होती ना, लग्न न झालेली?'

सांगत होता की ती भर दुपारी झऱ्यावर दिसते. आधी वाकून चालायची, आता पाठ सरळ झाली आहे. याच्या बायकोनं तिला मक्याची भाकरी दिली, तिनं खाल्ली. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण तिकडच्या बायका ज्या तोनेला रडल्या त्यात ही बसत नाही, मग ही मेली कुठे? कोलचं एवढंच म्हणणं होतं की तिच्या अंगावर तो इकडचा पातळ सुती कपडा आहे आणि वर हिमवर्षाव सुरू झालाय, तेव्हा काही लोकरीचं असेल तर दे.

मी त्याला हसून वाटेला लावलं. मग दार लावून भांडी घासत बसले. स्वच्छ होती तीही घासली.

जुबलेता माग त्यांच्याकडून. लाज वाटत असेल तर माझं नाव सांग, बहीण फार भांडखोर आहे म्हणावं.

द्रांदे


२० जानेवारी २००३

ज्युस्ते,

उत्तर नाही. फ्रान म्हणतो, तुझी गाठच पडली नाही. तो मला जरा टाळत असल्यासारखा वाटला.

नाताळात लेना आत्या आली. दरवर्षी येते तशीच, पाय दुखतात अशी कुरकुर करत. पाय चोळून झाल्यावर तिनं घरभर नजर फिरवली, उसासा टाकला आणि बाबांचं नाव घेऊन म्हणाली, बिचारा प्येतर, वेळेवर बायको मिळाली असती तर घर असं ओस पडलं नसतं.

मी म्हटलं, काय आत्या, मग मी काय आभाळातून पडले?

तिला अवघडल्यासारखं झालं. परक्या बाईनं भलताच विनोद केल्यावर आपण हसतो ना, तसं हसली. म्हणाली, 'तसं नाही गं. तू भाड्यानं राहतेस, पण घर किती नीट ठेवतेस.'

या बाईनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय, ज्युस्ते. मी लहानपणी तिच्या मांडीवर उलटी केली होती, ती गोष्ट तिनं सगळ्या गावाला ऐकवून झाली आहे. त्या दिवशी निघताना तिनं मला 'येते हं' म्हणून हात जोडले, पाहुणीला जोडावेत तसे. वितोरे परवा कुंपणाशी भेटली, तिनं विचारलं की इथली हवा मानवते का मला. मी दोघींशी भांडले नाही. माझं भांडण कुठे गेलं तेच कळत नाही.

आणि हातांचं सांगायचं राहिलं. शहरातल्या नाचाच्या पथकानं कपडे शिवायला दिलेत. बाई म्हणाल्या मिर्दिताच्या एप्रनवर लुमाचा पट्टा चालेल ना, छान दिसेल. मी त्यांना झापलं, म्हटलं दोन मुलखांच्या बायका एका अंगात घालता का. मिर्दिताचं झालं, लुमाचं झालं, दक्षिणेकडच्या पुरुषांचा तो चुण्यांचा घेरही झाला, ते सगळं मी शिवणशाळेत शिकले. शेवटी जुबलेता घेतला. पट्ट्या कापलेल्या, दोर वळून ठेवलेला. सुई हातात घेतली आणि बसून राहिले. पट्टीला दोर कसा धरायचा ते येईना. या सपाटीवर जुबलेता शिवणारी मी एकटी, आईनं शिकवलेली, आणि माझ्या बोटांना ते कधी माहीतच नव्हतं असं वाटलं. बाकी सगळं येतंय. आईनं दिलेलं तेवढं गेलं.

तू विणताना आईसारखी डाव्या करंगळीवर लोकर घेतेस. जरा घेऊन बघ. अजून येतं का ते मला कळव.

द्रांदे


२५ मार्च

ज्युस्ते,

तुझं पत्र आलं. इटालियनमध्ये, टाईप केलेलं, आणि मला 'आदरणीय बाई'. लिहितेस, आपला काहीतरी गैरसमज झालेला दिसतो, मला बहीण नाही. वा. माझ्यावर राग आहे तो ठीक, पण ही नाटकं आता पुरे कर. मी का सांगते ते खाली वाच.

रस्ता मोकळा झाल्यावर मी वर गेले. कोलनं मला गाडीत घेतलं खरं, पण वाटभर तो मला 'बाई' म्हणत होता आणि परदेशी लोकांना दाखवतात तशी डोंगरांची नावं सांगत होता. मी ऐकून घेतली.

शकुर्ते आजी अंगणात उन्हाला बसली होती. छपरावरचं बर्फ वितळून टपटपत होतं. मी नाव सांगायच्या आत तिनं माझा हात धरला, नाकाशी नेला आणि बराच वेळ धरून ठेवला.

'तू धुतलंस तिला,' ती म्हणाली. 'म्हणून तू अजून राहिलीस. दुसरी असेल कोणी, तर ती आधी गेली असेल.'

मी विचारलं, आजी, गेली म्हणजे? मेली?

'मेली कशाला? जिवंत असेल. पण तिची कोणी नसेल.'

मग तिनं सांगितलं. चूक तिची आहे, ती तिला पांढरं दिसलं तेव्हाच बोचली होती, पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. त्यावर दुसरं म्हणता येतं. परमुलखात मेलेल्याचं प्रेत मिळालं नाही तर वरचे लोक त्याचे कपडे पसरतात आणि कपड्यांना रडतात. आईचा काळा जुबलेता आणायचा, उन्हात पसरायचा, आणि शकुर्ते आजी तिला पुन्हा रडेल. प्येतरची बायको म्हणून, आपली आई म्हणून. तिचा स्वतःचाच हवा, दुसरा चालत नाही. आणि लवकर, कारण तिचा आवाज या उन्हाळ्यापलीकडे टिकेल असं तिला वाटत नाही.

आम्ही बोलत असताना पाठीमागून आवाज आला. जुबलेता चालतो तो आवाज, जड लोकरीच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्याचा. एक मुलगी बादली घेऊन अंगणात आली. कोणीतरी तिला पांढरा जुबलेता दिला होता. विशीचीही नसेल. तिचे कान आपल्या आईचे होते, ज्युस्ते. डाव्या भुवईतला तो तीळही. तिनं बादली डाव्या हातानं धरली होती आणि मनगट सरळ होतं.

तिनं आजीला विचारलं, पाहुण्या कुठून आल्या. आजी म्हणाली, खालून. मुलीनं माझ्याकडे बघितलं, तुंब्यात पाणी भरून दिलं आणि म्हणाली, 'घ्या, दमलात तुम्ही.' मी प्यायले. ती गेल्यावर मी भिंतीला टेकून रडले. भीती वाटत होती म्हणून रडले, आणि तिनं मला ओळखलं नाही म्हणूनही.

आता ऐक. मला नवरा नाही, लेकरं नाहीत. तू निघून गेलीस, मी राहिले, आईबाबा दोघांचं आजारपण काढलं. तोनेची मुलगी, यापलीकडे मी या जगात कोणीच नाही. तेही गेलं तर मी कोण? मला पुसून जायचं नाहीये, ज्युस्ते. नाटक करत असशील तर तुझ्या पाया पडते, थांब. जुबलेता पाठव.

द्रांदे


२ मे

ज्युस्ते,

आला. फ्राननं पार्सल दिलं आणि विचारलं, हे तुमचंच ना. आत तुझी चिठ्ठी: हा कपडा माझ्या कपाटात होता, प्रदर्शनाहून कधी परत आला आठवत नाही, कोणाचा ते माहीत नाही, माझ्या घरात असं कोणी नव्हतं, मी अनाथाश्रमात वाढले. आपल्याला त्याची फार गरज आहे असं पत्रांवरून वाटलं म्हणून पाठवते. काळजी घ्या.

म्हणजे नाटक नव्हतं. मी तुला इतके दिवस शिव्या घालत होते आणि तू त्या कोणा अनोळखी बाईच्या म्हणून वाचत होतीस. तरी जुबलेता पाठवलास. बहीण म्हणून मागत होते तेव्हा दिला नाहीस, परकी झालीस तेव्हा दिलास.

मी तो पलंगावर पसरलाय. काळा आहे, अजून काळाच आहे. त्याला आपल्या पेटीचा वास येतो. मी त्याच्या शेजारी थोडा वेळ आडवी झाले.

उद्या वर जाते. सगळं नीट झालं की तुलाही सगळं आठवेल. पहिल्यांदा तू रागावशील, कारण तू का पळालीस तेही आठवेल. बाबा कडक होते, असं आपण लोकांना सांगायचो. तू निघालीस त्या रात्री मी तुला अडवलं नाही आणि तुझ्याबरोबर आलेही नाही. ते सगळं परत अंगावर घ्यावं लागेल तुला. अनाथाश्रम तुला बरा वाटत असेल तर मला माफ कर. पण मी एकटी नाही राहू शकत गं.

तुझी बहीण
द्रांदे


११ मे

नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही पाठवलेला कपडा या पत्राबरोबर परत पाठवते आहे. जपून ठेवा, अक्रोडाची पानं घातली की कसर लागत नाही. असं काम करणारं आता कोणी राहिलेलं नाही.

त्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं असं वाटतं. शकुर्ते आजीच्या अंगणात आम्ही तो घोंगडीवर पसरला. लख्ख ऊन होतं. बायका भोवती बसल्या, आजीनं हात जुबलेत्यावर ठेवले आणि ती रडू लागली. या वेळी सगळं बरोबर म्हणत होती. 'जिला प्येतरनं खाली नेलं ती तोने, जिचा आवाज सासरी कोणी ऐकला नाही ती तोने.'

त्याच वेळी झऱ्यावरून मुली येत होत्या. त्यांच्यात ती होती. पहिल्या ओळीला ती थांबली. तिच्या पांढऱ्या जुबलेत्याची कड काळी पडायला लागली, भिंतीला खालून ओल चढते तशी, वर वर. दुसऱ्या ओळीला तिची पाठ वाकली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल.

तिनं बघितलं. तिसऱ्या ओळीला तिच्या डाव्या मनगटातून आवाज आला. सुकी काटकी मोडल्यावर येतो तो आवाज. मी तो आवाज एकदा ऐकलेला होता, सात-आठ वर्षांची असताना, दाराच्या आड उभी राहून. बादली पडली. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं तेच परत आलं, आणि तिनं मला ओळखलं.

'द्रांदे,' ती म्हणाली. 'नको गं.'

माझं नाव होतं ते. आई या एका गोष्टीला 'नको' म्हणाली. मी पुढे होऊन शकुर्ते आजीच्या तोंडावर हात ठेवला.

असं कोणी करत नाही. बायका अंगावर धावून आल्या, एकीनं माझा रुमाल ओढला. आजीनं माझा हात दूर केला, नाकाशी नेला आणि सोडून दिला. 'कोण गं ही?' तिनं बायकांना विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. कोलनं मला त्याच्या गाडीत बसवून खाली आणलं, वाटेत परत सगळ्या डोंगरांची नावं सांगितली. घराला कुलूप होतं, माझी किल्ली लागली नाही. हे पत्र मी फ्रानच्या गाडीत बसून लिहिते आहे. तो माणूस चांगला आहे, कुठे सोडू म्हणतो. मी अजून सांगितलेलं नाही.

तुम्हाला लिहायचं कारण वेगळंच आहे. अंगणातून निघताना मी मागे वळून बघितलं. तिचा जुबलेता पांढराशुभ्र झाला होता. सांडलेल्या पाण्यानं बाकीच्या मुलींचे पाय भिजले होते आणि त्या तिला ओरडत होत्या, आणि ती रिकामी बादली डाव्या हातानं गरगर फिरवत हसत होती, पोट धरून. मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि पत्ता माझ्याकडे तुमच्या एकटीचाच होता.